पाळणाघराचे मालक बदलले, फीही वाढली: पालकांनी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे

मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येते. लेटरहेड नवे, लोगो नवा आणि मजकूर गोड: 'कळवण्यास आनंद होतो की १ एप्रिलपासून आपले केंद्र आमच्या परिवारात सामील होत आहे.' दुसऱ्या पानावर फीचा तक्ता. तारीख असते, रक्कम असते, बँक खात्याचा तपशील असतो. बाळाला रोज झोपवणाऱ्या ताई राहणार की जाणार, हे मात्र कुठेच नसते.

पुढचे दोन दिवस ग्रुपवर फक्त फीची चर्चा चालते. पैशांचा प्रश्न खराच आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलाचा दिवस बदलतो तो माणसे बदलल्याने. म्हणून फीची आणि माणसांची बोलणी वेगळी करू नका. वाढीव पैसे कशासाठी आणि कोणासाठी, हे लेखी आल्याशिवाय ते द्यायचे नाहीत.

पहिले दोन दिवस: कागद गोळा करा, पैसे थांबवा

नव्या खात्यात लगेच काहीही भरू नका. अ‍ॅडव्हान्स भरणे म्हणजे नव्या अटी मान्य करणे, असा अर्थ पुढे काढला जातो. चालू महिन्याची जुनी फी बाकी असेल तर ती मात्र जुन्याच खात्यात वेळेवर भरा. थकबाकीदार पालकाचे कोणी ऐकत नाही.

मग एका फोल्डरमध्ये हे जमवा: प्रवेशाच्या वेळी भरलेल्या फॉर्मची प्रत, फी आणि डिपॉझिटच्या पावत्या, यूपीआय किंवा बँकेच्या नोंदी, नियमांचे पत्रक आणि केंद्राशी झालेली चॅट. चॅट 'एक्स्पोर्ट' करून स्वतःला ई-मेल करून ठेवा, कारण जुना ग्रुप बंद करून नवा काढणे हे नव्या व्यवस्थापनाचे पहिले काम असते. डिपॉझिट रोख दिले असेल आणि पावती नसेल, तर जुन्या मालकीणबाईंना आजच साधा मेसेज टाका: 'काकू, जून महिन्यात दिलेले दहा हजार डिपॉझिट तुमच्याकडे जमा आहे ना? नव्या लोकांना सांगायला हवे.' त्यांचे 'हो' आले की तो पुरावा झाला. महिन्याभरानंतर त्या फोन उचलतीलच असे नाही.

नेमके काय बदलले, ते आधी कळून घ्या

'व्यवस्थापन बदलले' हा एकच शब्दप्रयोग निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. जुन्या काकू निवृत्त झाल्या आणि त्यांनी केंद्र विकले. किंवा मालक तेच आहेत, पण त्यांनी एखाद्या साखळीची फ्रँचायझी घेतली. किंवा फ्रँचायझी सोडून स्वतःचे नाव लावले. किंवा भागीदारी फुटली. किंवा मालक तेच राहून रोजचा कारभार तेवढा दुसऱ्या संस्थेकडे गेला.

तुमच्या दृष्टीने फरक असा पडतो: मालक तेच असतील तर तुमचा करार चालू आहे आणि डिपॉझिटची जबाबदारीही त्यांचीच. केंद्र विकले गेले असेल तर मात्र डिपॉझिट जुन्या मालकांनी नव्यांना दिले की नाही, हे विचारायलाच हवे. कराराची जबाबदारी आपल्या संमतीशिवाय परस्पर तिसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. त्यामुळे 'ते जुन्या मॅडमना विचारा' हे नव्यांचे आणि 'आता सगळे त्यांच्याकडे आहे' हे जुन्यांचे उत्तर, दोन्ही मान्य करू नका. दोघांच्या सहीचे एक पत्र मागा. त्यात मुलाचे नाव, डिपॉझिटची रक्कम, आगाऊ भरलेली फी आणि ती आता कोणाकडे जमा आहे, या चारच गोष्टी असल्या तरी पुरे.

आणखी एक प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत: जागेचा भाडेकरार कोणाच्या नावावर आहे? पुण्या-मुंबईतली बहुतेक केंद्रे भाड्याच्या बंगल्यात, रो-हाऊसमध्ये किंवा सोसायटीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये चालतात. लिव्ह अँड लायसन्स जुन्या मालकांच्या नावावर असेल आणि जागामालकाशी नवा करार झाला नसेल, तर सहा महिन्यांत केंद्र दुसऱ्या गल्लीत गेलेले दिसू शकते. सोसायटीत असेल तर सोसायटीची परवानगीही नव्या नावाने हवी. गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, कोणाच्या नावावर आहे तेही नव्या व्यवस्थापनाशी बैठक होईल तेव्हा विचारा. ताई-मावशी मिळून वीसपेक्षा कमी माणसे कामाला असतील तर नोंदणी प्रमाणपत्राऐवजी फक्त सूचना दिल्याची पावती असते. तीही चालते.

फीची खरी वाढ मोजा

तक्त्यातली टक्केवारी आणि खिशातून जाणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. एक उदाहरण मांडून पाहू.

जुनी फी ११,००० रुपये महिना. त्यात नाश्ता आणि दुपारचे जेवण आले. वेळ संध्याकाळी साडेसातपर्यंत. जीएसटी नाही. नवी फी १२,५०० रुपये. म्हणजे वाढ १,५०० ची, साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. ग्रुपवर लोक म्हणतात, 'ठीक आहे, महागाई आहे.'

आता खालच्या बारीक ओळी वाचा. फीवर १८ टक्के जीएसटी: २,२५० रुपये. जेवण वेगळे १,२०० रुपये, तेही सेवेचाच भाग धरून जीएसटी लावला तर १,४१६. वार्षिक किट ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. बेरीज १६,६६६. खरी वाढ ५,६६६ रुपयांची, साडेएक्कावन्न टक्के. शिवाय वेळ आता साडेसहापर्यंतच आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला १०० रुपये. हिंजवडीतून किंवा खराडीतून निघणाऱ्या माणसाला महिन्यातले पंधरा दिवस सात वाजत असतील तर आणखी १,५०० धरा. आकडा १८,१६६ वर जातो आणि वाढ पासष्ट टक्के होते. ही बेरीज स्वतःच्या केंद्राचे आकडे घालून प्रत्येकाने करावी आणि बैठकीला कागदावर न्यावी. तोंडी 'खूप वाढवली' म्हणणाऱ्याला 'फक्त साडेतेरा टक्के' हे उत्तर तयार असते.

जीएसटीचे कारण बहुधा खरे असते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान केंद्राला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. तेच केंद्र साखळीकडे गेले की बिलावर कर येतो. मात्र प्रीस्कूल शिक्षणाला जीएसटी माफ आहे. तेव्हा मूल तिथेच प्लेग्रुप किंवा नर्सरीला असेल तर 'प्रीस्कूल फी' आणि 'डे-केअर फी' बिलात वेगळ्या ओळींत मागा. कर कोणत्या ओळीवर लावला ते विचारा. जीएसटी क्रमांक बिलावर असलाच पाहिजे, तो पोर्टलवर टाकून कोणाच्या नावाचा आहे ते दोन मिनिटांत कळते. वेगळ्या ओळींचा आणखी एक फायदा आहे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना प्ले-स्कूल आणि नर्सरीची निव्वळ ट्यूशन फी दीड लाखांच्या मर्यादेत, ज्याला सगळे ८०सी म्हणून ओळखतात तिथे, दाखवता येते. सांभाळण्याची फी, जेवण किंवा किट त्यात धरता येत नाही.

वाढ कितपत वाजवी, याचा अंदाज

खासगी पाळणाघराने किती फी घ्यावी हे ठरवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा शाळांसाठी आहे, आणि स्वतंत्र पाळणाघराच्या मालकाला तो दाखवून उपयोग होत नाही. म्हणून कायद्याची धमकी देण्यापेक्षा हिशेब मांडावा.

समजा केंद्रात १४ मुले आहेत. भाडे ४०,०००, दोन ताईंचे पगार ३०,०००, एका मावशींचे १०,०००, जेवणखाण १६,८००. भाडे, पगार आणि किराणा, तिन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढले तर खर्च ९,६८० रुपयांनी वाढतो. चौदा मुलांत वाटला की प्रत्येकी ६९० च्या घरात, म्हणजे ११,००० च्या फीवर सव्वासहा टक्के. महागाईचे कारण एवढ्यापुरतेच चालते.

पण इथे पालकांनीही एक गोष्ट मान्य करावी. जुन्या काकू सकाळी आठपासून स्वतः हजर असायच्या आणि स्वतःला पगार लावत नव्हत्या. नव्या व्यवस्थापनाला त्यांच्या जागी एक सेंटर-इन्चार्ज नेमावी लागते. तिचा पगार २५,००० धरला तर चौदा मुलांवर प्रत्येकी १,७८५ रुपये पडतात. हा खर्च खरा आहे आणि तो मुलांसाठीच आहे. म्हणजे या उदाहरणात सुमारे २,४७५ रुपयांची, साडेबावीस टक्क्यांची वाढ प्रामाणिकपणे समजावून सांगता येईल. त्यावरचे जे असेल ते कर, ब्रँडची रॉयल्टी, रंगरंगोटी आणि नफा.

हाच हिशेब पुढे नेला की नव्या मालकांचा पुढचा बेतही दिसतो. मुले चौदाची वीस केली तर इन्चार्जचा बोजा प्रत्येकी १,२५० वर येतो. त्यामुळे नवे मालक मुले वाढवणार, हे गृहीत धरा. प्रश्न एवढाच की मुलांबरोबर ताई वाढणार का.

ताई किती, मुले किती: प्रत्यक्ष मोजा

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. मुख्यतः त्या कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण बोलणी करताना मोजपट्टी म्हणून चांगल्या उपयोगी पडतात: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. प्रत्येक मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा. आमच्या मते दीड वर्षाखालच्या बाळांसाठी दहाला एक हे प्रमाण फारच कमी आहे. पाच-सहा बाळांमागे एक ताई असेल तरच बाटली, डायपर आणि झोप सांभाळून कोणाकडे बघायला सवड उरते.

प्रमाण विचारू नका, मोजा. सकाळी अकरा वाजता सगळी केंद्रे छान दिसतात. जायचे ते दोन वेळी. एक, दुपारी दीड ते दोन: शाळेतून मोठी मुले येतात, त्याच वेळी ताई आळीपाळीने जेवायला बसतात आणि लहानांची झोपेची वेळ असते. दुसरी, संध्याकाळी सहानंतर: एक पाळी सुटते, उरलेली मुले एका खोलीत एकत्र करतात आणि मावशी झाडलोटीला लागतात. दीड वर्षाच्या बाळाशेजारी सहा वर्षांचा मुलगा उड्या मारत असेल आणि खोलीत एकच मोठे माणूस असेल, तर पत्रकातल्या प्रमाणाला काही अर्थ नाही. चावे, ढकलणे, बोट दारात सापडणे हे बहुतेक याच तासात घडते.

या भेटीत ताईंशी दोन शब्द बोला. 'तुम्ही आहात ना पुढे?' एवढेच विचारा. नव्या व्यवस्थापनाने पगार, सुट्ट्या किंवा वेळा बदलल्या असतील तर ते चेहऱ्यावर कळते. ताई टिकल्या तर फीवाढ सोसण्यासारखी असते. जुन्या तीनपैकी दोन महिन्याभरात गेल्या, तर फी तीच राहिली तरी ते केंद्र आता वेगळे केंद्र आहे.

सुरक्षेच्या चाव्या कोणाकडे गेल्या

हस्तांतरात सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण ही कामे कोणाच्याच यादीत नसतात.

मूल कोणाच्या हाती द्यायचे, ही यादी नव्याने लिहून द्या: नाव, नाते, फोन, फोटो. जुनी यादी काकूंच्या डोक्यात होती. 'आजोबा येतात कधीकधी' हे नव्या इन्चार्जना माहीत नसते, आणि शेजारच्या ज्या माणसाला तुम्ही मागच्या वर्षी नको म्हटले होते तेही त्यांना माहीत नसते. घरात ताब्यावरून वाद चालू असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत नव्या इन्चार्जकडे स्वतः द्या.

सीसीटीव्हीचा पासवर्ड बदलला का, जुन्या कर्मचाऱ्यांचे आणि जुन्या पालकांचे लॉगिन बंद केले का, रेकॉर्डिंग किती दिवस राहते, हे तीन प्रश्न विचारा. तीस दिवसांचे रेकॉर्डिंग मागा. मूल काही सांगते किंवा अंगावर काही दिसते ते दोन-तीन दिवसांनी लक्षात येते, आणि सात दिवसांत पुसले जाणारे रेकॉर्डिंग तोवर गेलेले असते. खारघरच्या एका पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच सर्वांसमोर आली. कॅमेरा झोपायच्या खोलीत असावा. डायपर बदलायच्या जागी तो बाळाकडे रोखलेला नसावा, पण त्या जागेचे दार मात्र दिसावे.

नव्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, स्वयंपाकाच्या मावशी आणि व्हॅनचालकासह, पोलीस पडताळणी झाली का ते विचारा. 'अर्ज केला आहे' म्हटले तर अर्जाची पावती पाहा. जेवण बाहेरून येत असेल किंवा तिथेच शिजत असेल, तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा, चौदा अंकी क्रमांक मागा. अ‍ॅलर्जी, औषधे, मुलांचे डॉक्टर आणि तातडीच्या वेळी कोणत्या दवाखान्यात न्यायचे, हे एका पानावर लिहून स्वयंपाकघरात आणि ऑफिसात अशा दोन प्रती द्या. शेंगदाणे चालत नाहीत ही गोष्ट तोंडी हस्तांतरात सर्वांत आधी हरवते, आणि आपल्याकडे पोह्यांपासून कोशिंबिरीपर्यंत शेंगदाणा सगळीकडे असतो.

पत्र लिहा, मग बैठक मागा

एकेकट्याने ऑफिसात जाऊन बोलले की प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळते, आणि जो जास्त भांडतो त्याला गुपचूप सवलत मिळते. आठ-दहा पालक एकत्र या. बोलायला दोघांनाच पुढे करा: एक ज्यांचे मूल दोन वर्षांखालचे आहे आणि एक ज्यांचे मूल शाळेनंतर येते. दोघांचे प्रश्न वेगळे असतात. ग्रुपवर चिडचिड करू नका. त्यातले स्क्रीनशॉट तासाभरात पोचतात.

पत्र ई-मेलने पाठवा. नमुना:

'आपण १ एप्रिलपासून केंद्राचे व्यवस्थापन घेत आहात असे कळले. खालील मुद्द्यांवर सात दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. १) आमचे डिपॉझिट व आगाऊ फी आता कोणाकडे जमा आहे? २) सध्याच्या ताईंपैकी कोण राहणार आहे व प्रत्येक गटात किती मुलांमागे किती ताई असतील? ३) नव्या फीत काय समाविष्ट आहे व जीएसटी कोणत्या बाबींवर आहे? ४) आधीपासून असलेल्या मुलांना प्रवेश फी व किट पुन्हा लागू आहे का? ५) पुढची फीवाढ कधी होईल व किती दिवस आधी कळवली जाईल? उत्तर येईपर्यंत आम्ही जुन्या दराने फी भरत राहू. पुढील शनिवारी सकाळी ११ वाजता भेटता येईल का?'

यापेक्षा लांब पत्र लिहू नका. कायद्याची कलमे या पत्रात घालू नका, ती पुढे लागली तर हाताशी राहतील.

बैठकीत मागण्यांचा क्रम ठरलेला असू द्या. फी पूर्ववत करा, ही मागणी सहसा मान्य होत नाही. मिळण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. आधीपासूनच्या मुलांना प्रवेश फी माफ. वाढ दोन टप्प्यांत, निम्मी एप्रिलपासून आणि निम्मी ऑक्टोबरपासून. वर्षभर पुन्हा वाढ नाही. जेवण ऐच्छिक, म्हणजे घरचा डबा चालेल. उशिराच्या आकारात पहिली पंधरा मिनिटे सूट. भावंडांना सवलत. आणि सर्वांत महत्त्वाचे: ताईंचे प्रमाण आणि ताई बदलताना किमान आठवडाभर जुनी-नवी एकत्र राहील, हे लेखी. नव्या मालकांना पहिल्याच महिन्यात चौदापैकी आठ मुले जाणे परवडत नाही. तुमचे वजन त्यात आहे, आवाज चढवण्यात नाही.

बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी ठरलेले मुद्दे ई-मेलने पाठवा: 'आज ठरल्याप्रमाणे...' अशी सुरुवात करून. त्याला विरोध आला नाही तर तीच नोंद.

आई किंवा बाबांच्या कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर एक वेगळी वाट आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने अशा आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. अनेक कंपन्या बाहेरच्या केंद्राशी करार करतात. तुमचे केंद्र ज्या साखळीकडे गेले तिच्याशी कंपनीचा करार असेल तर दर आधीच ठरलेला असतो. एचआरला एक मेल टाकायला काहीच जात नाही.

नव्या फॉर्मवर सही करण्याआधी

फॉर्म घरी आणून वाचा. 'इथेच सही करा, सगळ्यांनी केली' या वाक्याला बळी पडू नका. या ओळी दिसल्या की थांबा:

'पूर्वसूचनेशिवाय फी बदलण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.' त्या जागी साठ दिवसांची लेखी सूचना लिहून घ्या. 'कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही.' केंद्रानेच सेवा बंद केली तर उरलेल्या दिवसांची फी परत, असे जोडा. पालकांना दोन महिन्यांची नोटीस आणि केंद्राला सात दिवसांची, अशी एकतर्फी अट असेल तर दोन्हीकडे एक महिना करा. 'मुलाला झालेल्या कोणत्याही इजेस केंद्र जबाबदार नाही' हे वाक्य खोडा. निष्काळजीपणाची जबाबदारी एका ओळीने झटकता येत नाही, पण ती ओळ पुढे तुमच्यावर दबाव आणायला वापरतात. फोटो जाहिरातीसाठी वापरायची परवानगी सहसा फॉर्मच्या मध्येच दडवलेली असते. तिथे 'नाही' लिहा. खाडाखोडीजवळ दोन्ही बाजूंची आद्याक्षरे घ्या आणि सही झालेल्या पानांचे फोटो तिथेच काढा.

पहिले सहा आठवडे

ताई बदलल्यावर मूल सोडताना रडणे, रात्री उठणे, सुटलेली अंथरूण ओले करायची सवय परत येणे, हे पहिले दोन-तीन आठवडे अपेक्षितच आहे. सोडताना निरोप घ्या, पण तो लांबवू नका, आणि घरून ओळखीची चादर किंवा खेळणे द्या.

रोजच्या तीन नोंदी ठेवा: डबा किती संपला, किती डायपर वापरले, दुपारी किती वेळ झोपले. सकाळी चार डायपर दिले आणि नऊ तासांनी तीन परत आले, तर दिवसात एकदाच बदलला. मूल घरी येऊन अधाशासारखे पाणी पिते का, तेही पाहा. एकाच माणसाचे नाव काढताच घाबरणे, कारण न सांगता येणाऱ्या खुणा किंवा रोज संध्याकाळी पेंगुळलेले, जागे करूनही न सावरणारे मूल, या गोष्टी रुळण्यात मोडत नाहीत. अशा वेळी मूल लगेच डॉक्टरांना दाखवा, खुणांचे तारखेसह फोटो काढा आणि रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करा. लैंगिक छळाचा संशय असेल तर केंद्राच्या 'चौकशी'ची वाट पाहू नका. पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस व तातडीची मदत) हे दोन क्रमांक घरात सर्वांना माहीत असू द्या.

डिपॉझिट अडकले, उत्तर येत नाही

आधी लेखी मागणी: रक्कम, तारीख, पंधरा दिवसांची मुदत. ई-मेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही, जुन्या आणि नव्या मालकांना. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बऱ्याच रकमा इथेच सुटतात, विशेषतः ब्रँडच्या मुख्यालयाला प्रत गेली तर.

नाही सुटली तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आणि तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. बिल न देणे, तसेच सदोष सेवा बंद करून पैसे ठरलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत न करणे ही या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहकाच्या संमतीविना, त्याचे नुकसान होईल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपवू देणारी अट 'अन्याय्य करारा'त मोडते. मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. आठ-दहा हजारांच्या डिपॉझिटसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. जिल्ह्यात 'सेवेतील त्रुटी' म्हणून मागा.

इथे एक खाचखळगा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवले आणि केंद्राचे वकील 'आम्ही प्रीस्कूल आहोत' असा बचाव घेतात. बिलात 'डे-केअर' अशी वेगळी ओळ असेल तर सांभाळण्याची सेवा विकत घेतली होती हे सरळ दाखवता येते.

सोडायचे ठरलेच तर

नवी जागा नक्की झाल्याशिवाय नोटीस देऊ नका. जून आणि एप्रिलमध्ये चांगल्या केंद्रांत जागा नसते. ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारीत मिळते. साखळीच्या केंद्रांइतकेच घरगुती पाळणाघरही पाहा. पाच-सहा मुले सांभाळणाऱ्या काकूंकडे पाटी नसते, पण माणूस तेच राहते. मात्र त्या आजारी पडल्या तर बदली कोण, हे आधी विचारा.

नव्या ठिकाणी पहिले दोन दिवस तुमच्यासह एक तास, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्याविना दोन तास, मग जेवणापर्यंत आणि दुसऱ्या आठवड्यात झोपेसह पूर्ण दिवस. या काळात जुन्या ठिकाणची नोटीस चालू राहील अशी तारीख धरा. दोन्हीकडची अर्ध्या महिन्याची फी पडते, पण रजा वाचतात. जुन्या केंद्रातून निघताना लसीकरण कार्डाची प्रत, आधारची प्रत, औषधे आणि कपडे परत घ्या, अ‍ॅपमधला मुलाचा प्रोफाइल आणि फोटो काढून टाकण्याचा मेल पाठवा, आणि मूल न्यायची परवानगी आजपासून रद्द, असे एका ओळीत लिहून पोच घ्या.